डिकी रिकामी आहे ना?

पुढची काच बदलल्यापासून हरेश्वर तांडेलांची गाडी त्यांच्यावर ओरडत होती.

आधीही ती ओरडायची, पण कारण असेल तेव्हाच. आरशामागे, काचेला आतून लागून, एक छोटा कॅमेरा होता. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि पुढची वाहनं यांच्यावर त्याची नजर असे. सिग्नल न देता गाडी पट्टा ओलांडू लागली की टुंग वाजायचं. समोरचं वाहन फार जवळ आलं की टुंगटुंग वाजायचं आणि लाल दिवा लागायचा. नवी काच बसली आणि गाडीचा स्वभाव बदलला. सरळ चालतानाही ती टुंग करू लागली. सात बंगल्याच्या नाक्यावर लांब उभी असलेली बस बघून ती घाबरू लागली. एकदा तर रिकाम्या रस्त्यावर तिने स्वतःच ब्रेक लावला आणि मागे टबातली सुरमई उसळून त्यांच्या बायकोच्या, सोनूबाईंच्या, खांद्याला लागली.

प्रत्येक टुंग मुलीच्या मोबाईलवर जात होतं, ही यातली खरी अडचण.

मुलगी रोशनी मुलुंडला राहते, बँकेत नोकरी करते. गाडी तिनेच घेऊन दिली होती. हरेश्वर सत्तरीचे. वेसाव्याच्या कोळीवाड्यात सगळे त्यांना तांडेल म्हणतात, म्हणजे बोटीचे कप्तान. बोट आता नाही. गुडघे गेले, खलाशी मिळेनात, म्हणून गेल्या होळीनंतर ‘हिंगळाई’ विकली. तेव्हापासून त्यांचं एकच काम होतं: रोज सकाळी सोनूबाईंना त्यांच्या मासळीसकट चार बंगल्याच्या बाजारात सोडायचं. मासळीचा टब दिसला की रिक्षावाले थांबत नाहीत, उलट वेग वाढवतात. त्यामुळे गाडीची सोय होती. आणि सुकाणू गेल्यावर तांडेलांच्या हातात धरायला काहीतरी होतं. हे दुसरं कारण घरात कोणी बोलत नसे, सोनूबाई सोडून.

“बोट गेली, आता ष्टेरिंग पण गेलं ना,” त्या म्हणायच्या, “तर हा माणूस दिवसभर माझ्या समोर बसेल. मना नाय जमणार.”

काच फुटली तीही सोनूबाईंचं न ऐकल्यामुळे. किनाऱ्यावर बोंबील सुकवायला बांबू उभे केले होते. त्यांच्याखाली गाडी लावू नका, असं त्या दोनदा म्हणाल्या. तांडेल म्हणाले, बांबू मी बांधलेत, माझी गाठ सुटत नाय. गाठ सुटली नाही. बांबू मोडला.

जोगेश्वरीच्या एका काचवाल्याने सकाळी काच काढली आणि दुपारच्या आत नवी बसवली. कॅमेरा होता तिथे चिकटवला आणि म्हणाला, “एकदम पहिल्यासारखं.”

त्यानंतर रोशनीचा मोबाईल कामाच्या वेळी सारखा थरथरू लागला. शेवटी तिने फोन केला.

“बाबा, तू रस्त्यावर काय करतोस? आज सकाळपासून माझा फोन गुदगुल्या केल्यासारखा हलतोय.”

“गाडी बिघडलीय. मी नाय.”

“बोटीच्या वेळी पण तू हेच म्हणायचास. इंजिन बिघडलंय, मी नाय.”

“तेव्हा इंजिनच बिघडलेलं असायचं, बाय.”

रोशनी चेष्टा करते, पण हिशेबाने चालते. तिने बँकेतल्या दोघांना विचारलं, फोनवर शोधलं, आणि तिला कळलं की अशा गाडीची पुढची काच बदलली की कॅमेरा नव्याने जुळवून घ्यावा लागतो. याला कॅलिब्रेशन म्हणतात. ते न करता गाडी चालवणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून हिंडणं. तिने वडिलांपुढे अट ठेवली.

“शनिवारी मी येते. कॅलिब्रेशन करून घेऊ. त्यानंतरही वाजली, तर किल्ली माझ्याकडे. कायमची.”

“आणि नाय वाजली तर?”

“तर तुझ्याकडे. मी पुन्हा विषय काढणार नाही.”

“आईशप्पत?”

“आईच्या समोर सांगते.”

“मना मधी घेऊ नका,” मागून सोनूबाई म्हणाल्या. “पण शनिवारी मी येणार.”

शनिवारी मासळीला गिऱ्हाईक कमी असतं, असं कारण त्यांनी दिलं. ते खरं होतं. पण नवऱ्याची परीक्षा असताना त्या घरी थांबल्या असत्या, असं मानायला जागा नाही.

मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळमजल्यावर हर्षद सावंतचा गाळा आहे. हर्षद तिशीतला, मूळचा देवगडचा, वाढलेला भांडुपला. गाळ्याची जमीन त्याने मुद्दाम सपाट करून घेतली आहे आणि तिच्यावर तो चहाचा पेलाही ठेवू देत नाही. एका टोकाला स्टँडवर काळ्यापांढऱ्या चौकटींचा मोठा फलक. गाडी त्या फलकासमोर मोजून उभी करायची, कॅमेऱ्याने फलक बघायचा, आणि आपण नेमके कुठे बघतोय हे त्यावरून शिकायचं. काम एवढंच. पण गाडी जशी असायला हवी तशीच हवी, नाहीतर कॅमेरा चुकीचं शिकतो.

“सगळे खाली उतरा,” हर्षद म्हणाला. “टाकी?”

तांडेलांनी काटा बघितला. “फुल्ल हाय.”

“टायरमध्ये हवा?”

तांडेलांनी आठवून सांगितलं. “काल भरली. चारी.”

“डिकी रिकामी आहे ना?”

“रिकामी.”

आधीच्या दोन उत्तरांना त्यांनी थोडा वेळ घेतला होता. याला घेतला नाही.

हर्षदने डिकी उघडली. आत निळा टब, दोन गोणपाट आणि गेल्या वर्षभराचा वास होता. त्याने टब काढला, गोणपाट काढले.

“वास पण काढायचा काय?” सोनूबाईंनी विचारलं.

“वासाला वजन नसतं, मावशी.”

“कुठला रे तू?”

“देवगड.”

“मग तुला कसला आलाय वास. तुमी लोक हापूस विकता आणि आमच्याकडून बर्फातला पापलेट घेता.”

“आमच्याकडे मासळी दारात येते, मावशी. बर्फ बघायला मी मुंबईत आलो.”

सोनूबाईंना मुलगा आवडला. त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

हर्षदने स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये वायर लावली आणि टॅब सुरू केला. गाडीच्या नाकावरून ओळंबा सोडला, लेझरची लाल रेघ जमिनीवर पाडली, फलक दोन बोटं डावीकडे सरकवला, मग एक बोट परत उजवीकडे. तांडेल हाताची घडी घालून बघत होते. रेघेवर रेघ आणण्याचं काम त्यांना कळत होतं आणि पटतही होतं.

“समुद्रात आमी असंच करतो,” ते रोशनीला म्हणाले. “देवळाचा कळस आणि मागचा डोंगर एका रेघेत आला की समजायचं, खडक चुकला.”

“आणि आला नाही तर?”

“तर खडक लागतो.”

हर्षदने बटण दाबलं. टॅबवर एक गोल फिरला, बराच वेळ फिरला आणि लाल झाला.

“नाही घेत,” हर्षद म्हणाला. त्याने सगळं पुन्हा मोजलं. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा लाल.

“कॅमेरा वर बघतोय. रस्ता सोडून आभाळ.”

“तो जोगेश्वरीवाला,” तांडेल लगेच म्हणाले. “काच वाकडी बसवली त्याने. मी तेव्हाच बोललो होतो.”

“कोणाला बोललात?” सोनूबाई म्हणाल्या. “मी तिथंच होते. तुमी त्याला चहा पाजलात.”

हर्षदने टॉर्च लावून काचेच्या कडा बघितल्या, कॅमेऱ्याचं ब्रॅकेट हलवून बघितलं. काच व्यवस्थित होती. जोगेश्वरीवाल्याने कॅलिब्रेशनचं नाव काढलं नव्हतं, एवढीच त्याची चूक. हर्षद उकिडवा बसला आणि चारही चाकांपाशी जमिनीपासून पत्र्यापर्यंत टेप लावत गेला. मागच्या चाकांपाशी त्याने दोनदा टेप लावली.

“काका, गाडी मागून बसलीय. म्हणून नाक वर आहे.” तो उठला. “मागे कोण बसलंय?”

मागे कोणी नव्हतं. सगळ्यांनी बघितलं तरी.

“स्प्रिंगा गेल्या असतील,” तांडेल म्हणाले. “अंधेरीचे रस्ते बघतोस ना?”

“स्प्रिंगा चांगल्या आहेत. आत्ता खालून बघितल्या.” हर्षद डिकीकडे गेला आणि तळाचा गालिचा उचलू लागला.

“तिथं काय नाय,” तांडेल म्हणाले. “तिथं स्टेपनी हाय.”

“स्टेपनी?” सोनूबाई खुर्चीतून म्हणाल्या. “ती तर आपल्या पलंगाखाली हाय.”

बाहेर कोणीतरी टेम्पो मागे घेत होतं.

“पंक्चर हाय, सवडीने काढीन म्हणालात,” सोनूबाई पुढे म्हणाल्या. आवाज अजून साधा होता. “किती महिने माझा झाडू तिला अडतोय. आता मना सांगा तांडेल, स्टेपनी जर पलंगाखाली हाय, तर इथं काय हाय?”

हर्षदने झाकण उचललं. तो भांडुपला वाढला होता, पण त्या क्षणी त्याच्या तोंडातून देवगडचं निघालं.

“आणि ह्यां काय?”

स्टेपनीच्या गोल खड्ड्यात, जणू त्यासाठीच खड्डा केला असावा असा, एक पितळी पंखा बसला होता. बोटीचा. तीन पाती, एकाच्या कडेला दात पडलेला. खडखड होऊ नये म्हणून भोवतीच्या फटींत गोणपाट कोंबलं होतं आणि त्या गोणपाटात जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या होत्या. भरपूर गोळ्या. खाली नांगराच्या साखळीचं वेटोळंही होतं.

सोनूबाई उठून आल्या. त्यांनी वाकून पात्याच्या दातावर बोट ठेवलं.

“मढच्या खडकाला लागला होता तो,” त्या म्हणाल्या. “हा तर बोटीबरोबर विकलात ना?”

“बोटीबरोबर विकायचा होता.”

“मग?”

“मग नाय विकला.”

रोशनीने एक हात तोंडावर धरला होता. ती हसत होती, पण आईचा चेहरा बघून हसायचं की नाही हे तिचं ठरत नव्हतं. “बाबा, पंखा बोटीला पुढे ढकलतो हे मला माहीत आहे. डिकीत ठेवला तरी ढकलतो का?”

तांडेलांनी खांदे सरळ केले. बचाव तयार होता, बहुधा कित्येक महिन्यांपासून.

“रिकामी बोट लाटेवर नाचते. पोटात वजन असलं की ती बसून चालते. हे पोरांना पण माहीत असतं. ही गाडी पहिल्यापासून हलकी. खड्ड्यात गेली की उडते. मी वजन घातलं, उडायची थांबली. यात चुकलं काय?”

“काका, गाडीला लाटा लागत नाहीत,” हर्षद म्हणाला.

“तू सकाळी मरोळ नाक्यावरून आलास ना?”

हर्षदने मान डोलावली. तो तिथूनच आला होता.

“ते वजनाचं समजलं,” सोनूबाई म्हणाल्या. “वजनाला दगड पण चालतो. हा घरी का नाय आणलात?”

तांडेल पंख्याकडे बघत राहिले. “तू भंगारात दिला असतास.”

सोनूबाईंनी क्षणभर प्रामाणिक विचार केला. “दिला असता,” त्या म्हणाल्या.

“म्हणून.”

पंखा काढायला हर्षद आणि तांडेल दोघं लागले. गुडघ्यांचं कारण तांडेलांनी त्या दिवशी सांगितलं नाही. मग साखळी निघाली, मग गोळ्या, मुठीमुठीने. हर्षदने त्याच मापाची एक स्टेपनी गाळ्यातून आणून खड्ड्यात ठेवली, कारण गाडीला स्टेपनी असते असंच कॅमेरा धरून चालतो. त्याने पुन्हा टेप लावली, ओळंबा सोडला, फलक सरकवला. गोल फिरला आणि या वेळी हिरवा झाला.

“आता रस्त्यावर एक चक्कर,” हर्षद म्हणाला. “पट्टे नीट ओळखतो का बघू. चालवा काका, मी बाजूला बसतो.”

“मी मागे,” रोशनी म्हणाली आणि मोबाईल हातात घेऊन बसली.

सोनूबाई आल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पंख्याशेजारी नेली. “मी ह्याच्याजवळ थांबते. परत याल तोवर हा पण विकला म्हणाल.”

मरोळवरून गाडी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला लागली. मेट्रोच्या खांबांच्या कडेने, पट्ट्याच्या बरोबर मधून तांडेल चालले होते. बस आली, गेली. टँकर शेजारून घासत गेला. गाडीने आवाज केला नाही. रोशनीचा फोन मांडीवर पडून होता.

बरंच अंतर गेल्यावर तांडेलांना शंका आली. “बंद पडली काय रे?”

“नाही, काका. चालू आहे. तिला सांगण्यासारखं काही नाही, म्हणून गप्प आहे.”

“अशी सवय काहींना लागायला हवी,” रोशनी मागून म्हणाली.

“तुझ्या आईला सांग.”

“मी स्वतःबद्दल बोलत होते. पण सांगते हां आईला.”

तांडेल खुश होते. मान ताठ, हात सैल. जिंकत आलेल्या माणसासारखे ते चालवत होते. पवई आली. डावीकडे झाडांमधून तलाव उघडा पडला आणि तांडेलांची मान आपोआप तिकडे वळली. पाण्यावर बारीक सुरकुत्या होत्या.

टुंग.

गाडीचं डावं चाक पट्ट्यावर होतं. तांडेलांनी ती हलकेच परत मध्ये आणली. मागे फोन थरथरला. सगळ्यांनी ऐकला.

“हा गाडीचा नाही, काका,” हर्षद शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाला. “हा तुमचा.”

रोशनीने फोन मांडीवर उलटा ठेवला. अट तिची होती आणि स्पष्ट होती. वडील आता काय म्हणतात याची ती वाट बघत राहिली. जोगेश्वरीवाला उरला नव्हता, स्प्रिंगा उरल्या नव्हत्या. पट्टा पुसट आहे असं म्हणता आलं असतं. पट्टा खरोखर थोडा पुसट होता.

“माझाच,” तांडेल म्हणाले. “पाणी बघितलं.”

“काय होतं पाण्यात?”

“काय नाय. वारा कुठून हाय ते बघितलं.” मग थोड्या वेळाने, “उत्तरेचा हाय.”

परतीच्या वाटेत गाडी वाजली नाही. गाळ्यात शिरल्यावर तांडेलांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि हात मागे करून ती रोशनीसमोर धरली. वळून बघितलं नाही.

रोशनीने किल्ली घेतली. “हर्षद, एक टुंग म्हणजे काय? खरं सांग.”

“खरं सांगू? माझं स्वतःचं रोज एखादं असतं. वाजल्यावर काका लगेच मध्ये आले की नाही? ती वाजते त्यासाठीच. वाजूनही माणूस म्हणाला की गाडीच बिघडलीय, तर मग किल्ली काढून घ्या.”

रोशनीला काच बदलल्यापासूनचे तीन आठवडे आठवले. या तीन आठवड्यांत वडिलांनी पहिल्यांदाच ‘माझाच’ म्हटलं होतं. खरं तर तीन आठवडेच कशाला, इंजिनाच्या दिवसांपासून पहिल्यांदाच. तिने किल्ली त्यांच्या खिशात टाकली.

“तुझी. पण पाणी बघायचं असेल तर गाडी थांबवायची.”

“हां.”

“आणि पंखा गाडीत नाही.”

“आजच्या दिवस. घरापर्यंत—”

“नाही, बाबा. एकदा डिकीत गेला की तो परत बाहेर निघणार नाही. तुला मी ओळखते.”

सोनूबाई त्यांच्याकडे बघत बसल्या होत्या. हर्षदकडून घेतलेल्या चिंधीने त्यांनी पंख्याचं एक पातं घासून काढलं होतं. ते एकच पिवळंधमक दिसत होतं, बाकीची दोन काळीच.

“रिक्षाने न्या,” त्या म्हणाल्या. “पलंगाखाली, स्टेपनीच्या जागी राहील. स्टेपनी गाडीत. माझा झाडू तसाही अडतोच.”

“मग रिक्षातून त्याच्याबरोबर कोण जाणार?” रोशनीने विचारलं.

“तांडेल कोण हाय?”

अशा रीतीने ज्या दिवशी हरेश्वर तांडेलांनी किल्ली राखली, त्या दिवशी ते घरी रिक्षाने गेले. त्यांनी खिशातून किल्ली काढून रोशनीला दिली आणि वर सांगितलं, “घरापर्यंत. उसनी.” हर्षदने रिक्षा थांबवली. पंखा, साखळी आणि गोळ्या सोनूबाईंच्या टबात भरल्या होत्या. रिक्षावाल्याने टब बघितला आणि विचारलं, “मछली तो नहीं है ना?” मछली नाही, पितळ आहे, हे कळल्यावर तो खुशीने तयार झाला.

अंधेरी-कुर्ला रोडच्या गर्दीत तांडेलांचा फोन वाजला. सोनूबाई होत्या.

“वाजली.”

“काय वाजलं?”

“गाडी, अजून काय! दोन वेळा. एकदा त्या बसला चिकटली तेव्हा आणि एकदा सिग्नल न देता घुसली तेव्हा.”

मागून रोशनीचा आवाज आला. “आई, ठेव तो फोन! तो बाइकवाला मध्ये आला, यार!”

“बाइकवाला आला म्हणतेय,” सोनूबाईंनी पोचवलं. “आता तिसऱ्यांदा—हे बघा, ऐका.”

फोनमधून स्पष्ट ऐकू आलं. टुंग.

“तिला सांग,” तांडेल गंभीरपणे म्हणाले, “घरी पोचल्यावर किल्ली मना द्यायची. आणि गाडी बिघडलीय म्हणू नको म्हणावं. आत्ताच नीट केलीय.”

त्यांनी फोन खिशात ठेवला. पुढे रस्ता उखडलेला होता. बाजूच्या रिक्षा टणाटण उडत होत्या, आतली माणसं टपाला हात लावून बसली होती. तांडेलांनी पायाने पंखा दाबून धरला. त्यांची रिक्षा खड्ड्यात उतरली आणि शांतपणे वर आली.

त्यांनी पुढे वाकून रिक्षावाल्याच्या खांद्यावर थोपटलं.

“देखा?” ते म्हणाले. “वजन मंगता है.”